जिभेखालची कॅप्सूल

"तोंड उघड," दस्तगीर म्हणाला, "आन् जीभ वर कर."

कारखान्याच्या दवाखान्यामागं मागच्या हंगामातल्या बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, मोठा ढीग पडला होता. त्याच्या आडोशाला आम्ही दोघं उभे होतो. दस्तगीरच्या एका हातात टाचणी होती आणि दुसऱ्या हातात शेंगदाण्याएवढी पिवळी कॅप्सूल. माझं वय बेचाळीस, त्याचं चव्वेचाळीस, आणि उभे असे की मास्तरांना चुकवून बिडी ओढायला आलेली पोरं बरी.

"नक्की न्हवं रं?" मी विचारलं.

"माझ्या थोरल्या भावाला तालुक्याच्या डॉक्टरानं अशीच दिली हुती. टाचणीनं भोक पाडायचं आन् जिभंखाली पिळायची. धा मिन्टांत बीपी निम्मं. मी डोळ्यांनी बघितलंय."

"निम्मं म्हंजे लई न्हाई व्हायचं?"

"मग तुझं काय थोडं हाय व्हय?"

थोडं नव्हतंच. चार महिन्यांपूर्वी डोकं ठणकतं म्हणून मी तालुक्याला एका डॉक्टरकडं गेलो होतो. त्यानं दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, पुन्हा फुगवला आणि म्हणाला, "एकशेसत्तर, एकशेदहा. पाडळकर, ही गोळी रोज एक. आता जन्मभर." माझ्या तोंडचं पाणीच पळालं. जन्मभर गोळी खाण्याचं मला काही वाटलं नव्हतं. मला आठवले ते अण्णा खोत.

हे सगळं शहाण्णव सालचं. आमच्या साखर कारखान्यात मी ऊस उतरवायच्या क्रेनवर होतो. ट्रॉली आली की तीन टन ऊस साखळीसकट उचलायचा आणि गव्हाणीत, म्हणजे जिथून ऊस आत ओढला जातो त्या भल्यामोठ्या पन्हाळीत, अलगद सोडायचा. माझी केबिन जमिनीपासून एकतीस पायऱ्या वर. तिथून सगळं यार्ड, बैलगाड्यांची रांग, पलीकडची नदी, सगळं दिसायचं. खाली मी कुणीही असेन, वर गेलो की महिपती पाडळकर. खोटं कशाला सांगू, मला त्याचा ताठा होता.

अण्णा खोत माझे उस्ताद. त्यांनीच मला ती क्रेन शिकवली. आदल्या वर्षी हंगामापूर्वीच्या तपासणीनंतर ते खाली आले ते आलेच. गेटवर टेबल-खुर्ची मिळाली, उसाच्या गाड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या द्यायच्या. कुणी विचारलं की सांगायचे, "बीपी निघालं गड्या. बीपीवाल्याला वर ठेवत न्हाईत." त्या दिवसापासून कारखान्यात ज्याला त्याला बीपीचा धसका बसला. डोकं दुखलं तरी कुणी बोलत नव्हतं.

म्हणून मी घरी आलो आणि बायकोला, शालनला, एवढंच सांगितलं, "ह्या गोळ्या कुणी बघितल्या, की मी अण्णांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलोच म्हणून समज." आणि गोळ्यांची पट्टी, डॉक्टरची चिठ्ठी, सगळं मोरीबाहेरच्या गटारात भिरकावलं. ती भांडली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून चहा पुढं केला, आणि मला वाटलं, झालं, विषय मिटला.

आता दसरा चार दिवसांवर होता. दसऱ्याला बॉयलर पेटायचा आणि त्याआधी आम्हा यंत्रावरच्या सगळ्यांची तपासणी. दस्तगीर मुल्ला खाली साखळ्या अडकवायचा, मी वरून उचलायचो. पंधरा वर्षं ही जोडी. त्याच्या एका शिट्टीवर मी तीन टन ऊस वीतभर सरकवत असे. माझं बीपी शालनखेरीज त्याला एकट्याला ठाऊक होतं. भावाच्या डबीतली एक कॅप्सूल त्यानं माझ्यासाठी खिशातून आणली होती.

मी जीभ वर केली. त्यानं टाचणी टोचली आणि पिळली. कडू, तेलकट काहीतरी पसरलं.

"गिळू नगंस," तो म्हणाला. "आता नऊ वाजल्यात. डॉक्टर आल्या की पयला तूच घुस."

डॉक्टर नऊला येणार होत्या. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. माझे कान गरम झाले होते आणि छाती धडधडत होती, पण मी म्हटलं, औषध लागू पडतंय. तेवढ्यात कंपाउंडर बाहेर आला. "मॅडमची गाडी वाटेत पंक्चर झालीय. अर्धा-पाऊण तास लागंल."

आणि नेमके तेव्हाच इंजिनिअर खराडे साहेब आले. "पाडळकर, नुसते बसून काय करताय? चला, तेवढ्यात क्रेनची ट्रायल घेऊन टाकू."

नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं की का, हा प्रश्न आलाच. मी दस्तगीरकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. तो हळूच म्हणाला, "हळूहळू चढ."

एकतीस पायऱ्या मी आयुष्यात पहिल्यांदा मोजत चढलो. सतराव्या पायरीवर थांबलो. वरून कुणीतरी खाली ढकलतंय असं वाटत होतं. केबिनमध्ये जाऊन बसलो, मेन स्विच टाकला. खाली दस्तगीरनं जुन्या पाइपांचा दोन टनांचा भारा साखळीत अडकवला आणि शिट्टी मारली. मी उचलला. भारा वर आला, बारा-पंधरा फूट, आणि मी क्रेन गव्हाणीच्या दिशेला घेतली. दस्तगीर नेहमीसारखा दोर धरून भाऱ्याबरोबर चालायला लागला, भारा फिरू नये म्हणून.

मग डोळ्यांपुढं काजवे चमकले. नदी यार्डात आली, यार्ड वर आलं. हाताला मुंग्या आल्या. मी खाली बघितलं तर मला दोन दस्तगीर दिसले, आणि त्यांतला कुठला खरा तेच मला कळेना. भारा कुणाच्या डोक्यावर आहे, कुणाच्या नाही, काही कळेना.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते आज सांगायला लाज वाटते. आलं हे, की आता थांबलो तर संपलं. खाली सगळी माणसं बघतायत. साहेब बघतायत. अजून तीस फूट नेला की गव्हाण, तेवढं रेटू. मी खरोखरच हँडल धरून तसा बसलो होतो, असेन दोन-तीन सेकंद. मग खालून शिट्टी आली. "सावकाश" म्हणायची त्याची एक लांब शिट्टी होती, ती. त्याच्या घरी चार पोरं होती. धाकटी अजून रांगत होती.

मी क्रेन थांबवली. केबिनबाहेर हात काढला आणि जोरात हलवला, बाजूला हो, बाजूला हो. तो दोर सोडून मागं पळाला. मग जिथं होता तिथंच, मोकळ्या जागेत, मी तो भारा इंचाइंचानं खाली घेतला. पाइप जमिनीला टेकल्याचा आवाज ऐकला, मेन स्विच पाडला आणि केबिनच्या पत्र्यावर आडवा झालो.

मला खाली दस्तगीरनंच आणलं. माझ्या कमरेला टॉवेल बांधून तो स्वतःच्या कमरेला बांधला आणि एकेक पायरी माझे पाय स्वतःच्या हातानं धरून ठेवत उतरवलं. सबंध वेळ एकच बोलत होता, "माझ्यामुळं झालं, म्हैपती, माझ्यामुळं झालं."

"गप," मी म्हणालो. "साहेब ऐकत्यात."

दवाखान्यात कॉटवर निजवलं तोवर डॉक्टर पोचल्या होत्या. नलावडे मॅडम. त्याच वर्षी नव्यानं यायला लागलेल्या, तिशी-पस्तिशीच्या, बोलायला फटकळ. त्यांनी पायांखाली दोन उशा सरकवल्या, दंडाला पट्टा बांधला, आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"अठ्ठ्याऐंशी, चोपन्न. सकाळपासून काय घेतलंय?"

"च्या," मी म्हणालो.

"चहानं बीपी अठ्ठ्याऐंशीवर येत नाही. दुसरं काय?"

"काय न्हाई."

खराडे साहेब दारात उभे होते. व्हरांड्यातली माणसं खिडकीला लागली होती. मी डोळे मिटून घेतले. मग कोपऱ्यातून दस्तगीरचा आवाज आला.

"मी दिली, मॅडम. माझ्या भावाला डॉक्टरानं दिल्याली कॅप्सूल. जिभंखाली." आणि त्यानं खिशातून ते पिवळं रिकामं टरफल काढून टेबलावर ठेवलं. साहेबांसमोर. नोकरी जाऊ शकली असती त्याची. पंधरा वर्षांच्या दोस्तीत त्यानं माझ्यासाठी पुष्कळ केलं, पण ते टरफल टेबलावर ठेवणं मी कधी विसरलो नाही.

मॅडमनी ते उचलून बघितलं. "निफेडिपिन. अहो, तुमच्या भावाला ज्यानं दिली तो समोर पट्टा घेऊन बसला असेल ना? एकदम असं बीपी पाडलं की मेंदूला रक्त पुरत नाही. माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. आता तर डॉक्टरसुद्धा ती अशी द्यायला नको म्हणायला लागलेत. आणि हे घेऊन तुम्ही वर चढलात?"

मी सगळं सांगून टाकलं. एकशेसत्तर, गटारात फेकलेल्या गोळ्या, चार महिने, सगळं. लपवण्यासारखं आता राहिलंच काय होतं? सांगताना रडू आलं, तेही लपवलं नाही.

मॅडम ऐकत होत्या, पण त्यांचं कुठंतरी अडलं होतं. "चार महिने गोळी नाही, म्हणजे सकाळी तुमचं बीपी एकशेसत्तरच्या पुढंच असायला हवं. तिथून एका कॅप्सूलनं इतकं खाली? मला पटत नाही. आणखी काहीतरी पोटात आहे तुमच्या."

"आईच्यान न्हाई, मॅडम."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि शालन आत आली. कारखान्याच्या वसाहतीतून पळत आली होती. कोपरापर्यंत पीठ, पदर खोचलेला, पायात चप्पल नाही. मला बघितलं, जिवंत आहे एवढी खात्री केली आणि डॉक्टरांकडं वळली.

"काय झालं वो ह्यांना?"

"बीपी उतरवायची कॅप्सूल खाल्लीय यांनी," मॅडम म्हणाल्या. "चोरून."

शालननं पिठाचा हात तोंडावर ठेवला. "आगं बया! मग सकाळी मी दिल्याली बी पोटात हाय की!"

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तुम्ही काय दिलंत?" मॅडमनी विचारलं.

शालननं कमरेची पिशवी सोडली. आतून गोळ्यांची अर्धी पट्टी काढली आणि घडी घालून घालून विरलेला एक कागद. माझ्याच डॉक्टरची चिठ्ठी. गटारातलं पाणी लागून शाई फुटली होती, पण औषधाचं नाव वाचता येत होतं.

"ह्यांनी टाकली, मी काढली," ती म्हणाली. "धुतली, तव्यावर वाळवली. गोळी कुटून देती. रोज सकाळी एक. दर म्हैन्याला बाजारच्या दिवशी तालुक्याच्या मेडिकलमदनं आनती. हितल्या मेडिकलात न्हाई जात, हितं लोक वळखत्यात."

"किती दिवस?"

"चार म्हैनं झालं. एक दिस चुकला न्हाई."

मॅडमनी चिठ्ठी उलटसुलट केली. "अमलोडिपिन. बरोबर दिलंय." मग त्या खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. थांबेचनात. डोळे पुसून शालनला म्हणाल्या, "न सांगता औषध देणं वाईट, बाई. आजचा घोटाळा त्यातूनच झाला. गोळी चालू आहे हे यांना माहीत असतं तर यांनी त्यावर आणखी कॅप्सूल पिळून घेतली नसती. पुन्हा असं करू नका." आणि माझ्याकडं वळून, "आणि पाडळकर, तुम्हाला एक सांगू? आज सकाळी तुमचं बीपी चांगलंच असणार. कॅप्सूलबिप्सूल काही न घेता नुसते येऊन या खुर्चीत बसला असतात तरी पास झाला असतात."

मला हसावं की रडावं कळेना. बायकोचा राग आला, अगदी खरा राग आला, चार महिने मला लहान पोरासारखं फसवलं म्हणून. आणि त्याच वेळी असं वाटलं की उठून सगळ्यांसमोर तिच्या पिठाच्या हातांना कपाळ लावावं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. मी आपला मुख्य प्रश्न विचारला.

"मग मला आता खाली उतरवनार."

"कोण?"

"बीपी असलं की उतरवत्यात की, मॅडम. आमच्या अण्णा खोतांना उतरवलंच न्हवं गेल्या साली!"

मॅडमनी खराडे साहेबांकडं बघितलं. साहेब गोंधळले. "खोतांना कुणी उतरवलं नाही. त्यांनी स्वतःच अर्ज दिला होता, तब्येतीचं कारण लिहून. मी तर थांबा म्हणत होतो."

"अण्णा हितंच हायत," खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

गेट दवाखान्याला लागूनच होतं. गलका ऐकून अण्णा कधीच येऊन दाराशी उभे राहिले होते. साठीला टेकलेला, ताठ कण्याचा माणूस. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच वाकलेलं बघितलं. ते आत आले, कॉटची कड हातानं चाचपली आणि माझ्या पायाशी बसले. ते चाचपणं मी वर्षभर बघत होतो, पण मला ते म्हातारपणाचं वाटलं होतं.

"म्हैपती," ते म्हणाले, "मला बीपी न्हवतं रं."

त्यांनी स्वतःच्या डोळ्यांकडं बोट केलं.

"डोळं गेलं हुतं. साखळीचा हूक दिसंना झाला. एकदा ट्रॉलीवर मानूस उभा हाय तेच दिसलं न्हाई मला, तवाच ठरवलं. पर क्रेनवाल्यानं दिसत न्हाई म्हनून कसं सांगायचं? लाज वाटली. बीपी म्हटलं की कसं, सायबाचा आजार वाटतो. कोन हसत न्हाई." त्यांनी माझं पाऊल धरलं. "तुमी समदी त्येच धरून बसशीला हे माझ्या ध्यानात आलं न्हाई, लेका. आज तू पडला असतास तर ते माझ्या डोस्क्यावर आलं असतं."

"न्हाई पडलो, अण्णा," मी म्हणालो. माझ्या उस्तादाला मी काय बोलणार? तो माणूस दिसत नाही म्हणून स्वतःहून खाली आला होता. आणि मी दोन दस्तगीर दिसत असताना हँडल धरून बसलो होतो.

मॅडम पुढं झाल्या, टॉर्च काढली आणि अण्णांच्या डोळ्यांत बघितलं. "मोतीबिंदू आहे. ऑपरेशननं दिसेल. वर्षभर उगाच बसलात." मग त्या दाराकडं वळून मोठ्यानं म्हणाल्या, कारण सगळे ऐकतच होते. "नीट ऐका. बीपी असणं हा गुन्हा नाही. गोळी घेऊन ते ताब्यात असलं तर मी बिनदिक्कत सही करणार. न घेता वर चढलात तर मात्र मीच खाली ओढीन. आता सांगा, आणखी कुणाकुणाला आहे?"

मग वर्कशॉपचा फिटर दत्तोबा घसा खाकरून म्हणाला, "मला हाय जनू. दोन वर्सं." त्याच्यामागून बॉयलरवरचा एक. मग आणखी एक. मग ज्यानं गाडी पंक्चर झाल्याचं सांगितलं होतं तो कंपाउंडर स्वतः. बीपी मोजणारा माणूस, आणि तोही लपवून होता! सगळ्यांनी त्याला असं काही हसून घेतलं की कॉट हलायला लागली, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की माझी छाती धडधडायची थांबलीय.

मॅडमनी मला लगेच पास केलं नाही. आठ दिवस शिडीला हात लावायचा नाही, रोज सकाळी येऊन मोजून घ्यायचं, आणि गोळी स्वतःच्या हातानं, सगळ्यांसमोर घ्यायची. दसऱ्याची पहिली मोळी दुसऱ्या पाळीच्या क्रेनवाल्यानं टाकली, मी खाली उभा राहून बघितली. वाईट वाटलं, पण फार नाही. नवव्या दिवशी सही झाली. दस्तगीरला साहेबांनी एक मेमो दिला आणि त्याच संध्याकाळी त्याला घरी जेवायला बोलावलं. अण्णांचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, आणि ते जाड चष्मा लावून यार्डात येऊन माझ्या चुका काढायला लागले. पुढं सोळा वर्षं मी ती क्रेन चालवली.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं वसाहतीकडं पायी निघालो. शालन माझा दंड धरून चालत होती, मी म्हातारा झाल्यासारखा. वाटेत मी विचारलं, "कशात घालत हुतीस?"

"काय?"

"गोळी. च्यात का भाजीत?"

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच हसली. "ते न्हाई सांगायची."

"का? आता मी माझ्या हातानं घेनार हाय की."

"घ्या की. पर तुमचा काय भरवसा? परत कवा डोकं फिरलं तर मला लागंल ते."

आज मी एकाहत्तर वर्षांचा आहे. गोळी रोज सकाळी तिच्यासमोर घेतो, एक दिवस चुकवत नाही. हे सगळं झाल्याला आता एकोणतीस वर्षं झाली. अधूनमधून मी सहज विचारल्यासारखं करून विचारतो, चहात होती का, आमटीत, का चटणीत? तिनं अजून सांगितलेलं नाही.